लेकुरवाळी सोडणारी आत्ती

आमची आत्ती झिंगा हातात आला की आधी उलटा करून त्याचं पोट बघायची. शेपटीखाली अंड्यांचा घोस दिसला की म्हणायची, "लेकुरवाळी हाय, जाऊ दे तिला." आणि झिंगा परत पाण्यात.

आत्ती म्हणजे वडिलांची थोरली बहीण. होटगीला राहायची. तिचे मालक, ज्यांना आम्ही मामा म्हणायचो, तळ्यात जाळं टाकायचे. आखाडात झिंगे अंडी धरतात आणि नेमकी तेव्हाच घरोघरी मागणी असते. जाळं वर आलं की आत्ती काठावर बसून निवड करायची. मामा कुरकुरायचे, "धरायचं म्या आन् सोडायचं हिनं." पण जाळं तेच धरून ठेवायचे.

तिच्या रश्श्याबद्दल मला नीट लिहिता येईल का, माहीत नाही. झिंग्याची डोकी ठेचून, त्यांचं पाणी गाळून ती भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणात ओतायची. झिंगे अगदी शेवटी. तव्यावर एक भाकरी होईपर्यंतच ते चुलीवर राहायचे. जास्त शिजले की चामडं होतं, म्हणायची.

कॉलेजात एकदा सरांनी विचारलं, अंडी असलेल्या झिंग्याला काय म्हणतात? मी चाचरत म्हणाले, "लेकुरवाळी." वर्ग हसला. शिकणारी घरातली मी पहिलीच, त्यामुळे हसण्याची भीती मला नेहमी वाटते. त्या दिवशी मात्र मी शब्द बदलला नाही.

पण मीही एकदा डगमगले होते. ताईच्या लग्नानंतरचा पहिला आखाड. वेळापूरहून तिच्या सासरची माणसं होटगीला जेवायला येणार होती. सासूबाई फार बोलत नसत, पण त्यांच्या एका शब्दावर ताईचे पुढचे चार महिने ठरायचे. सकाळी आत्तीनं अर्ध्याहून जास्त झिंगे पाण्यात सोडले. मी म्हणाले, आजच्या दिवस राहू दे की. ती म्हणाली, "पाव्हणं हायती म्हणूनच सोडाय लागतंय."

ताटात प्रत्येकाला चारच झिंगे आले. सासूबाईंनी ते बोटानं बाजूला सारून बघितले आणि विचारलं, "मोजून वाढायची रीत हाय व्हय तुमच्यात?" आईचा हात थांबला. ताईनं मान खाली घातली.

पिठाच्या हातानंच आत्ती बाहेर आली. आवाज चढवला नाही. "व्हय इहीणबाई, मोजूनच हायती. बाकीच्या लेकुरवाळ्या हुत्या. आमची लेक तुमच्यात नांदाय आलीया. तिच्या पयल्या आखाडाला आयांचा तळतळाट ताटात कशाला?"

मग सासूबाईंनी वाटी पुढं केली आणि रस्सा मागितला. दोनदा. निघताना म्हणाल्या, पुढच्या आखाडाला आमच्याकडं या, तुमच्याच हातचं खायचंय.

आत्ती गेली, त्याला आता सहा महिने झाले. त्याआधीचा आखाड मात्र तिनं वेळापूरला केला. मामांनी आणलेले, तिनं निवडलेले झिंगे घेऊन आम्ही एसटीनं गेलो. स्वयंपाक झाला, पुरुषांची पंगत बसायची वेळ झाली. ताईनं पहिलं ताट वाढलं आणि सासूला न विचारता आत्तीपुढं ठेवलं. सासूबाईंनी एकदा ताईकडं बघितलं. मग उठून आत्तीला पाट दिला.