पंचांसमोरची मरळ

पुंजाजी भोयाला मी फसवलं. अकोल्यात, मोर्णेच्या काठी, पाच पंचांसमोर. हे आजवर कोणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय, ते मलाही नीट कळत नाही.

अमेरिकेतल्या लढाईमुळे आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हाची गोष्ट. अमरावतीला मी पाठीवर गठ्ठे वाहिले होते. अकोल्यात माझं स्वतःचं गोदाम झालं. गोणपाटाला वाळवी लागू नये म्हणून मी ते मोरचुदाच्या पाण्यात भिजवायचो. ते निळं पाणी नाल्यानं नदीत जायचं. खालच्या डोहावर पुंजाजीचं घर चालत होतं. डोहातली मासोळी उलटी होऊन तरंगू लागली, तेव्हा तो माझ्या दारात येऊन ओरडला, "कालचा हमाल तू, आज नदी मारून राहिला!" चारचौघांत. ते मला फार लागलं — अजून लागतं. पण म्हणून...?

पंचांनी ठरवलं: नाल्याचं पाणी घंगाळात घ्यायचं, त्यात मासा सोडायचा. दिवस मावळेपर्यंत जगला, तर पाण्यात दोष नाही. पुंजाजीनं ओंजळभर बारीक मासोळी आणली. मी भडकलो. "हे तं अर्धमेलीच हाय! मासा मी आणतो." आणि मरळ आणली.

मरळ वर येऊन हवा पिते, चिखलातही तग धरते. तळ्याकाठी वाढलेल्या मला हे माहीत नव्हतं?

"पंचहो, मरळ नका घेऊ," पुंजाजी म्हणाला, "तिले लवकर काई होत नाई!"

"आता मासाबी तुह्याच मर्जीचा पाहिजे काय?" मी म्हणालो. लोक हसले.

मावळतीला मरळ जिवंत होती. पंच उठून गेले.

सकाळी पाहिलं — पोट वर, निपचित. मी ती उकिरड्यात पुरली, घंगाळ घासून ठेवलं. पंचांकडे जाता आलं असतं. गेलो नाही. नाला वाहत राहिला.

उन्हाळ्यापर्यंत डोहात काही उरलं नाही. पुंजाजी बिऱ्हाड घेऊन नांदगाव खंडेश्वराकडे निघाला. जाताना गोदामाशी थांबला. ओरडला नाही.

"शेट, येवढं सांगा. मरळच काहून आणली?"

"तेच घावली," मी म्हणालो.

याचा जाब मीच द्यायला हवा, पंचांनी नव्हे. त्या दिवशी बाजारात भोईणीच्या घड्यात दुसरे मासेही होते — जिवंत. मी हात घालून ते एकेक बाजूला सारले होते.