माझ्या वाक्याची जन्मतारीख

तुमच्याबद्दल कुणी जगापुढे एक खोटं वाक्य लिहिलं आणि त्याखाली रीतसर संदर्भही जोडला, तर ते खोटं आहे हे तुम्ही कुणाला आणि कसं पटवून द्याल?

एका बुधवारी सकाळी हाच प्रश्न आमच्या ऑफिसच्या स्क्रीनवरून एका परदेशी माणसाने मला विचारला. तो एका आइस हॉकी खेळाडूचा मॅनेजर होता. खेळाडूचं नाव इथे बदलून येन्स ठेवते. शुक्रवारी एका क्लबची मीटिंग होती. येन्सला घ्यायचं की नाही, ते तिथे ठरणार होतं. येन्स पस्तिशीपुढचा. हा करार हुकला तर खेळणं संपलं. आणि क्लबमधल्या कुणीतरी ऑनलाइन ज्ञानकोशातल्या त्याच्या इंग्रजी चरित्रातल्या एका वाक्यावर बोट ठेवलं होतं: 'त्याने जाणूनबुजून मागून धडक देऊन प्रतिस्पर्ध्याची कारकीर्द संपवली.'

आइस हॉकी बर्फावर, पायात स्केट आणि हातात स्टिक घेऊन खेळतात. बॉलऐवजी रबराची चकती असते. खांद्याने धडक देणं नियमात बसतं. पाठीमागून देणं बसत नाही.

हे काम सोलापुरात, टॉवेलच्या दुकानावरच्या आमच्या पाच टेबलांच्या ऑफिसात का आलं? कारण त्या वाक्याचा संदर्भ एका मराठी क्रीडा वेबसाइटचा होता. मॅनेजरला मराठी वाचता येत नव्हतं. ते वाक्य घालणारा सोडला तर इंग्रजी पानावर लिहिणाऱ्या कुणालाच येत नव्हतं. त्यामुळे तो संदर्भ कुणी तपासला नाही आणि वाक्य टिकून राहिलं. मॅनेजर मराठी मजकूर लिहिणारे लोक शोधत होता. आमचे बिराजदार सर सापडले. बाहेरच्या देशातला आमचा पहिला क्लायंट. मी सहा वर्षं फावल्या वेळात मराठी ज्ञानकोशावर लिहीत होते, म्हणून सरांनी फाइल माझ्या टेबलावर टाकली.

मी ती मराठी बातमी उघडली. तिसऱ्या ओळीवर थांबले. 'बर्फ रक्ताने लाल झाला आणि पंच नुसते पाहत राहिले.'

ही ओळ माझी होती.

माझे वडील यंत्रमाग कामगारांच्या युनियनमध्ये होते. आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. वाचायला मी त्यांवरच शिकले. पत्रकात मालक आणि अधिकारी नेहमी नुसते पाहत राहतात. तसं वाक्य हॉकीच्या बातमीत दुसरं कोण लिहिणार?

ज्ञानकोशाच्या प्रत्येक पानाला 'इतिहास' असतो. कुणी, कधी, कोणता शब्द घातला ते त्यात दिसतं. मी येन्सच्या मराठी पानाचा इतिहास उघडला. तीन वर्षांपूर्वी ते पान मीच सुरू केलं होतं आणि विसरूनही गेले होते. एक व्हिडिओ पाहिला होता, डोकं भडकलं होतं, आणि ही ओळ, 'जाणूनबुजून कारकीर्द संपवली' हेसुद्धा, संदर्भ न देता लिहून मोकळी झाले होते. वेबसाइटची बातमी त्यानंतर अकरा दिवसांनी आलेली, माझ्याच पानावरून उचललेली. मग कुणीतरी त्या बातमीचा आधार घेऊन इंग्रजी पानात वाक्य घातलं. म्हणजे माझ्या वाक्याला पुरावा कोण? माझंच वाक्य.

खरं काय घडलं ते लीगच्या निकालपत्रात होतं. तीन वर्षांपूर्वी मी ते उघडलंही नव्हतं. धडक निष्काळजीपणाची होती, हेतुपुरस्सर नव्हती. येन्सवर दोन सामन्यांची बंदी आली. समोरच्याच्या खांद्याचं हाड मोडलं आणि पुढच्या सीझनला तो परत खेळला.

मी सरांच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं.

"मग काढ की ते. दोन मिनिटांचं काम हाय," सर म्हणाले.

मी म्हटलं, गुपचूप काढलं तर बातमी तशीच राहते, उद्या कुणीतरी तीच दाखवून वाक्य परत घालेल. शिवाय पगारी काम करणाऱ्याने ते उघड सांगायचं आणि पानाला हात न लावता चर्चापानावर दुरुस्ती मागायची, असा ज्ञानकोशाचा नियम आहे. चर्चापान म्हणजे पानामागची खोली. लिहिणारे तिथे भांडतात, आणि ते भांडण जगाला दिसतं.

"ते माग की. पण तुझं नाव कशाला मधी? आपलं ऑफिस कशाला?"

"हे एखाद्या कारखानदाराने केलं असतं, तर मी त्याच्या गेटवर उभी राहिले असते सर."

शेजारच्या टेबलावरचा श्रीकांत दारातूनच म्हणाला, "अक्का, ज्ञानकोशावर रोज लोकांकडून माफीनामे लिहून घेतीस. आता तुझा नंबर." तो हसत होता. मला हसू आलं नाही.

दुपारी मराठी आणि इंग्रजी, दोन्ही चर्चापानांवर माझं नाव, आमचं काम आणि माझी चूक लिहिली. मग त्या वेबसाइटच्या संपादकाला फोन केला.

"मॅडम, आमचा सोर्स तर तुमचंच पान हाय की," तो म्हणाला.

"ते पान चुकलंय, हेच सांगतेय."

"मग आधी पान बदला. आमी लगेच बदलतो."

"पान तुमच्या बातमीवर अडलंय."

 मी त्याला दोन्हींच्या तारखा, निकालपत्र आणि माझी कबुली मेल केली. गुरुवारी सकाळपर्यंत उत्तर नाही. दर दहा मिनिटांनी मी पान उघडत होते. वाक्य जागच्या जागी होतं.

दुपारी मॅनेजर पुन्हा स्क्रीनवर आला. वाक्य जाईल तेव्हा जाईल, पण बंदीचाही उल्लेख नको, असं त्याने सांगितलं. मी म्हटलं, बंदी खरी आहे, ती राहणार. तुम्ही नक्की कुणाच्या बाजूने काम करता, असं त्याने इंग्रजीत विचारलं. सरांनी माइक म्यूट केला.

"रेश्मा, गिऱ्हाईक हाय ते."

"सर, तेव्हा मी जास्त लिहिलं. आज कमी लिहिलं म्हणजे फिटलं, असं नसतं. नसेल जमत तर मला या कामावरून काढा."

 सर म्हणाले, "दुधनीला आमची आडत होती. बाबा गिऱ्हाइकाला पोत्यातली किडकी तूर आधी दाखवायचे. मग बाकीच्या पोत्यात कुणी हात घालत नव्हतं." त्यांनी माइक सुरू केला आणि आपल्या इंग्रजीत मॅनेजरला हीच तूर समजावली. त्याला किती समजलं कोण जाणे. त्याने कॉल बंद केला.

संध्याकाळी वेबसाइटने बातमीखाली ओळ टाकली: यातला मजकूर तपासलेला नव्हता. तासाभरात इंग्रजी पानावरच्या एका अनोळखी संपादकाने वाक्य काढलं आणि निकालपत्राच्या आधारे बंदीचं एक वाक्य लिहिलं. विशेषण एकही नाही. त्यापेक्षा चांगलं मला लिहिता आलं नसतं.

शुक्रवारी काहीच कळलं नाही. सोमवारी मॅनेजरचा दोन ओळींचा मेल आला. येन्सला एका सीझनचा करार मिळाला होता. आभार नव्हते. त्याने पुढचं कामही दिलं नाही. इतरांचं लेखन तपासण्याचा जो अधिकार मराठी ज्ञानकोशाने मला दिला होता, तो मी परत केला. चर्चापानावर एका ज्येष्ठ संपादकाने मला झापलंय. ते अजून तिथे आहे आणि राहू दे.

माझं वाक्य मात्र मेलेलं नाही. परवा एका क्विझ ॲपमध्ये ते प्रश्न म्हणून दिसलं. मी त्यांना लिहिलंय.

एवढं कळलं की वाक्याशेवटचा संदर्भाचा आकडा म्हणजे पुरावा नव्हे. राग खरा असला म्हणून त्यातून लिहिलेलं वाक्य खरं होत नाही.

आता तुमच्याकडे एक मागणं. आजच ज्ञानकोशातलं तुमच्या गावाचं किंवा तुमच्या आवडत्या माणसाचं पान उघडा. ज्या वाक्यावर तुमचा सर्वात जास्त विश्वास आहे, त्याच्या संदर्भावर क्लिक करा. मग 'इतिहास' उघडा आणि दोन तारखा ताडून बघा: आधी वाक्य आलं की आधी बातमी? वाक्य आधीचं निघालं, तर चर्चापानावर तसं लिहा. खाली स्वतःचं नाव घाला.