पिवळ्या टी-शर्टाची साक्ष

कालव्यावरचा पूल दुरुस्तीला काढला होता, ‘जीपनी’ म्हणतात त्या प्रवासी गाड्या बंद होत्या, म्हणून पेतांगताई आणि मी तालुक्याच्या गावी पायीच निघालो होतो. निम्मी वाट सरली होती. सरकारी वकिलासमोर शपथ घेऊन जबाबावर सही करायची होती. सही झाली की क्रिसांतो रिक्षावाल्यावर खटला उभा राहणार. महिनाभर तो कोठडीत होताच.

पेतांगताई एकतीस वर्षं आमच्या वस्तीतल्या चॅपेलच्या दारात निखाऱ्यांवर बिबिंका, म्हणजे तांदळाचा गोड केक, भाजते. विधवा बाई, पण चार भावंडांचे संसार तिनं उभे केले. बोलणं ठाम. कोणाचं लग्न टिकणार नाही हेही ती मांडवातच सांगते. आणि मी बावीस वर्षांपूर्वी नवऱ्यामागे साताऱ्याहून फिलिपिन्सला आले, तेव्हापासून तिच्या बोलण्याला मान हलवते आहे. मी याला शेजारधर्म म्हणते.

चॅपेलमधल्या मारियामातेच्या मूर्तीचा मुकुट चोरीला गेला त्या पहाटे आम्ही दोघींनी एक माणूस पळताना पाहिला. मला दिसली नुसती पाठ; चष्मा पिशवीत होता. पण नळावर रोज गप्पा व्हायच्या. ताई म्हणाली, पिवळा टी-शर्ट होता. दुसऱ्या दिवशी मलाही पिवळा आठवला. ती म्हणाली, लंगडत होता. तिसऱ्या दिवशी कुठला पाय तेसुद्धा मीच सांगितलं. चौकीत पोलिसानं पिवळा टी-शर्ट घातलेल्या एकट्या क्रिसांतोला समोर उभं केलं आणि हाच ना, असं विचारलं. ताई हो म्हणाली. मी मनात देवाचं नाव घेतलं आणि मान हलवली. देवाला यात कशाला ओढलं कोण जाणे.

वाटेत एका शेतात भाताची कापणी चालली होती. पाच गडी, पाचांच्याही अंगात तोच पिवळा टी-शर्ट. निवडणुकीत उमेदवारानं घरटी दोन वाटले होते. माझ्याकडचा फरशी पुसायला आहे, तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नव्हता.

ताई बांधावर बसली.

"इंदू, तू तोंड बघितलंस त्याचं?"

"तू बघितलंस ना, म्हणून मी..."

"मी कुठं बघितलं? तू मान हलवलीस, म्हटलं आपलं खरंच असणार."

बराच वेळ ती चपलेतली माती झटकत राहिली. मग उठली, माझा दंड धरला.

"आत गेल्यावर आधी तू बोल. माझ्याकडे बघू नकोस. दिसलं तेवढंच सांग. मी आधी तोंड उघडलं तर तू परत मान हलवशील बाई, आणि मग मला माघार घेता यायची नाही."