मदुराईत शिजलेला चिन्नोर

"झाकण नोको काढू! वाफ गेली त भात गेला!"

मोठीमाय ओरडली आणि मदुराईच्या त्या लॉजच्या स्वयंपाकघरात मुरुगन नावाच्या धिप्पाड आचाऱ्याच्या हातातला डाव खाली पडला. त्याला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण मोठीमायचा आवाज कळायला भाषा लागत नाही. सानगडीच्या बाजारात ती वांग्यांचा भाव विचारते तेव्हा काही कोसांवरच्या साकोलीचा भाजीवाला उत्तर देतो, अशी तिची ख्याती आहे. ख्याती मीच पसरवली, ती गोष्ट वेगळी.

मोठीमाय म्हणजे माझ्या मोठ्या बाबांची, थोरल्या काकांची, बायको, यशोदाबाई. सारा जन्म धानात गेला. जगातल्या कोणत्याही वस्तूला तिच्याकडे एकच माप : बांधी, म्हणजे बांध घालून पाणी अडवलेला शेताचा तुकडा. कन्याकुमारीला आम्ही तिला मोठ्या कौतुकाने समुद्र दाखवला. तिने कपाळावर हात धरून तो या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासला आणि म्हणाली, "पानी मोप हाय. पन एका बांधीच्या कामाचं नाई." मग समुद्राकडे पाठ करून चहा मागितला. समुद्र त्या दिवशी जरा मागे सरकला, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

या बाईने दक्षिणेच्या सहलीला निघताना लुगड्यांच्या आधी पिशवीत तांदूळ भरला. घरचा चिन्नोर, बारीक आणि वासाचा. दक्षिणेत तांदूळ घेऊन जाणारी माय पाहून तिच्या मुलाने, विलासने, कपाळाला हात लावला. पण त्यामागे भांडण होतं. घरच्या सगळ्या शेतात आता ठोकळ, म्हणजे जाड दाण्याचं, धान होतं. चिन्नोरची एकच बांधी उरली होती, मोठीमायची. उतारा कमी, वारा आला की आडवा पडतो, म्हणून यंदापासून तीही ठोकळच्या हवाली करायची, असं विलासने ठरवलं होतं. गाडी नागपुरातून सुटली आणि मोठीमायने डब्यातल्या सगळ्यांना साक्षी ठेवून अट घातली, "भातावर जगनाऱ्या मुलखात जाऊन राहिलो ना? तेथच्या एका मानसानं हा भात पुन्हा मांगतला, त बांधी माही. नाई त तुही."

विलास लगेच कबूल झाला, कारण परक्या बाईला चुलीजवळ कोणता लॉज उभा करतो? झालंही तसंच. कन्याकुमारीत नाही म्हणाले, रामेश्वरात तर हात जोडून नाही म्हणाले. पिशवी बांधलेलीच मदुराईला आली आणि दुसऱ्या दिवशी परतीची गाडी होती. तेव्हा मोठीमाय सकाळीच मुरुगनच्या स्वयंपाकघरात शिरली आणि कोणी न सांगता त्याचे कांदे चिरायला बसली. कांद्याचा डोंगर दुपारपर्यंत सपाट झाला. मुरुगनने मुकाट्याने एक शेगडी रिकामी करून दिली.

भाताला वाफ आली तशी जिन्यावरची माणसं पायरीवरच थांबली. मी तर म्हणतो, समोरच्या गोपुरावरच्या मूर्तींनी माना वळवल्या. विलास म्हणतो, ती कबुतरं होती.

मुरुगनने ताटात भात घेतला आणि सवयीने सांबाराचा डाव उचलला. मोठीमायने त्याचं मनगट धरलं. "आंधी कोरा खाय बाप्पा." तो मान खाली घालून कोरा भात खाऊ लागला. ताट संपलं. त्याने हात धुतला. पुन्हा मागितला नाही. विलास उठला आणि सामान बांधायला चल म्हणाला. मोठीमाय खाली बसली आणि भाताचा गंज, म्हणजे ते पातेलं, घासू लागली.

तेवढ्यात मुरुगन तिच्यासमोर आला. त्याने पिशवीकडे बोट दाखवलं, मूठ उघडून फरशीवर दाणे फेकल्यासारखं केलं आणि मग कमरेत वाकून, मागे मागे सरत, रोवणी करणाऱ्या माणसाचा हात चालवला. तो हात आचाऱ्याचा नव्हता. मोठीमायच्या हातातला गंज तसाच राहिला.

"विलास, हा भात नाई मांगत रे," ती हळूच म्हणाली. "बियानं मांगून राहिला."

विलासचं म्हणणं, अट भाताची होती, बियाण्याची नाही. कोण ऐकतो! परतीच्या गाडीत मोठीमायने सगळ्या डब्याला हकीकत सांगितली. चेन्नईपर्यंत मुरुगन एकटा जेवला होता. विजयवाड्याला सगळा लॉज पंगतीला बसला. बल्लारशाह येईपर्यंत मदुराई शहर ताटं घेऊन रांगेत उभं होतं. थापा मारण्यात जिल्ह्यात माझा हात कोणी धरत नाही, पण त्या दिवशी मी शिष्य होऊन ऐकत बसलो आणि माझी छाती फुगून बर्थ अपुरा पडला. विलास वरच्या बर्थवर तोंडावर चादर घेऊन पडला होता.

गावात पाय ठेवताच मोठीमायने मडक्यात राखलेलं बियाणं काढून मुरुगनसाठी पिशवी शिवली. साकोलीला पार्सल करायला विलासच गेला, तोंड वाकडं करून.

पुढे पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, टाकायच्या दिवसांत मी जवाहरनगरच्या माझ्या नोकरीच्या क्वार्टरमधून विलासला फोन लावला आणि मायच्या बांधीत यंदा काय टाकलं ते विचारलं.

"चिन्नोर," विलास म्हणाला. "त्या मुरुगननं अजून मांगतलं त द्याले पाह्यजे ना."