कोरा चौकोन

अहमदपूरच्या बसस्टँडसमोर एका गृहस्थांचं झेरॉक्सचं दुकान आहे. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बाकीचे सकाळी सकाळी फुलं पाठवतात. हे गृहस्थ निजामाच्या काळातले नकाशे नाहीतर दुर्बिणीतून टिपलेले तारे पाठवतात. खाली ठरलेली ओळ: ‘मी तपासलंय, तुमी बी तपासा.’ स्वतःचं मत कधीच नाही.

मागं त्यांनी भूकंपाआधीच्या किल्लारीतल्या एका गल्लीचा नकाशा टाकला, हातानं काढलेला. घरांचे चौकोन होते, नावं नव्हती. ‘ज्यांना आठवतंय त्यांनी सांगा,’ एवढंच लिहिलं होतं. किल्लारीकडचे लोक सांगत गेले. हे पेन्सिलीनं नावं भरून रोज नवा फोटो टाकत गेले. शेवटी एक चौकोन कोराच राहिला. झेरॉक्स काढायला गेलो तेव्हा मी विचारलं, “हे घर कुणाचं?”

“ऱ्हाऊ द्या सर, ते मला म्हाईत हाय,” म्हणाले आणि माझा कागद उलटा करून मशीनवर ठेवला.

परवा त्यांनी बातमी टाकली, मंगळावरही भूकंप होतात म्हणून. नेहमीची ओळ होतीच. तिच्याखाली पहिल्यांदाच त्यांनी स्वतःचं काही लिहिलं होतं:

‘तिथं कुणाचं घर न्हाई, हे लई बरं हाय.’