हार घालताना मागे कोण?

पळून लग्न करायला निघालेल्या माणसाला सगळं जग सासऱ्याचं खबरी वाटतं. आम्ही कर्जतहून निघालो तेव्हा तिच्या घरी सांगितलं होतं की मैत्रिणींबरोबर सहल आहे, माझ्या घरी मित्रांबरोबर. जात आडवी आली होती. भंडारदऱ्याला पाण्याकाठी एकमेकांना हार घालायचे, नोंदणी नंतर करायची, एवढाच बेत होता. तिच्या वडिलांना सुगावा लागायच्या आत तो तडीस जायला हवा होता.

संगमनेरला भाड्याची गाडी केली. ड्रायव्हर पन्नाशीचा, मिशीवाला. आरशातून सारखा तिच्याकडे बघायचा. वाटेत अकोले गावात चहाला थांबलो, तर हा गाडीआड फोनवर बोलत होता, “दोघंच हायेत. व्हय, पिशवीत हार हायेत. पोरगी लई गप हाय.”

मी तिला बाजूला घेतलं. गाडी बदलू म्हटलं तर ती म्हणाली, “तुला थोड्या वेळानं मीसुद्धा फितूर वाटेन.” मला राग आला, कारण ते खरं होतं.

पाण्याकाठी पोचल्यावर मी घाईघाईनं हार काढले. ती मात्र हार हातात धरून मागे बघत राहिली.

“कोण येतंय?” मी दचकलो.

“कोणीच नाही. माझ्या पाठीशी मामा नाही रे.”

नवरीच्या मागे मामा उभा राहतो, हे मी विसरूनच गेलो होतो. तिनं गाडीकडे बघून हाक मारली, “मामा, जरा येता का?” आपल्याकडे ड्रायव्हर-कंडक्टर सगळेच मामा, मला वाटलं, पाण्याची बाटली मागतेय. त्याला मात्र बरोबर कळलं. त्यानं चपला काढल्या, हात धुतले, टोपी नीट केली आणि तो तिच्या मागे येऊन उभा राहिला.

हार घातले. ती खूप रडली. मला मात्र राहवेना. विचारलंच, “मघाशी फोन कुणाला केला होता?”

“बायकूला. म्हनलं, ह्यानं पोरगी फसवून तर आनली न्हाई? वळखायचं कसं?”

मी हसलो. तो हसला नाही. त्यानं तिला आपला नंबर दिला. “जावयानं तरास दिला तर फोन कर. लगीन लागलं म्हंजी माझा संशय फिटला, आसं न्हाई.”

तिनं तो माझ्यासमोरच मोबाईलमध्ये घातला. अजून आहे. आमचं भांडण झालं की मी आधी तिचा फोन कुठे आहे ते बघतो.