तिने सांगितलेली नावं

मशीनवर सोडतात त्या कूलंटचा आंबूस वास आला की मला चिखलीतलं ते वर्कशॉप आठवतं. तिथलं स्टोअर सांभाळणारा माणूस चाकणच्या रस्त्यावर कंटेनरखाली गेला होता आणि कॉम्प्युटरवरच्या मालाच्या नोंदींचा, म्हणजे डेटाबेसचा, पासवर्ड फक्त त्यालाच ठाऊक होता. मालकाने डेटाबेसचं सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकून पाहिलं, पण आतला डेटा जुनाच असल्यामुळे ते जुनाच पासवर्ड मागत राहिलं, म्हणून मला बोलावलं. मी पोचलो तेव्हा त्या माणसाची बायको त्याच्याच खुर्चीत अवघडून बसली होती. मालकाने तिला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. "वहिनी, काय ठेवला असेल त्यांनी?" मी विचारलं. तिने आधी मुलाचं नाव सांगितलं, मग परभणीकडच्या त्यांच्या गावाचं. दोन्ही चुकली. मग खाली बघत ती म्हणाली, "माझं टाकून बघा, दादा." मी टाकलं. पडद्यावर पुन्हा तीच लाल अक्षरं उमटली आणि तिने पदर तोंडाला लावला. मालकाचा धीर सुटत चालला होता. "भाऊ, गाडी भरायची थांबलीय, काहीतरी करा राव." मग मी डेटाबेस बंद केला, पासवर्ड न विचारता उघडेल असा चालू केला आणि जुन्याच्या जागी नवा पासवर्ड टाकला. सगळा माल पडद्यावर दिसू लागला. "मग त्यांचा कोणता होता?" तिने विचारलं. "तो पुसला गेला, वहिनी. आता कळायचा नाही." ती सावकाश उठली. "जरा थांबायचं होतं की," ती म्हणाली, "अजून सांगितली असती मी नावं." आता असं काम आलं की मी फोनवरच सांगतो, घरच्यांना बोलावू नका.